दातांच्या नावावर खपणारी आजारपणं

निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येऊ लागल्या की नाशिकच्या दवाखान्यांत सर्दी-खोकल्याच्या बाळांची रांग लागते. त्यातल्या सहा महिने ते दीड वर्षाच्या अनेक बाळांचं निदान घरातच झालेलं असतं. ताप आहे? दातांचा. जुलाब होताहेत? दातांचे. सारखं कान ओढतंय? तेही दातांमुळेच. आजी सांगते, शेजारीण दुजोरा देते आणि दोन-तीन दिवस वाट पाहण्यात जातात. कधी त्यातून काही बिघडत नाही. कधी मात्र बाळ दवाखान्यात येतं तेव्हा त्याचे डोळे खोल गेलेले असतात किंवा कानातून पू वाहत असतो.

दात येताना बाळाला त्रास होतो, हे खरंच आहे. बहुतेक बाळांना साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास खालचे समोरचे दोन दात येतात आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत दुधाचे वीसही दात पुरे होतात. कुणाला चौथ्या महिन्यात, कुणाला वर्ष झाल्यावर पहिला दात दिसतो. काहींना वरचे आधी येतात. त्यात काही बिघडलेलं नसतं आणि मामालाही काही होत नाही!

हा त्रास नेमका किती, हे अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी मोजून पाहिलं. १२५ बाळांच्या आईवडिलांनी रोज ताप आणि लक्षणं लिहून ठेवली. २००० साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. दात बाहेर येण्याआधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन दिवस एवढ्यापुरताच त्रास वाढलेला दिसला. लाळ गळणं, हिरड्या घासणं, दिसेल ते चावणं, किरकिर, जागं राहणं, घन खाणं कमी होणं, कान चोळणं, अंग किंचित कोमट होणं, बस. मोठा ताप, जुलाब, उलट्या, खोकला यांचा दातांशी संबंध आढळला नाही.

मग घरोघरी तसाच अनुभव का येतो? कारण सगळं एकाच वयात घडतं. सहा महिन्यांच्या सुमारास उष्टावण होतं, वरचं अन्न आणि पाणी सुरू होतं. बाळ रांगू लागतं, जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात घालतं. आईकडून जन्माआधी मिळालेली प्रतिकारशक्ती याच काळात ओसरत असते. जंतूंना एवढी संधी पुरेशी आहे. दात त्याच वेळी हिरडीत असतो, एवढाच त्याचा गुन्हा.

म्हणून दात येत असोत वा नसोत, जुलाबावर उपचार जुलाबाचेच. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसचं पूर्ण पाकीट, प्रत्येक पातळ शीनंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्यानं, आणि अंगावरचं दूध चालूच. सोबत डॉक्टर किंवा आशाताई सांगतील तशा झिंकच्या गोळ्या १४ दिवस; जुलाब थांबले तरी त्या मध्येच सोडायच्या नाहीत. बाळ मलूल झालं, लघवी कमी झाली, पाणीही पोटात राहत नसेल किंवा शीतून रक्त आलं तर थांबू नये.

आता कानाविषयी. खालच्या जबड्याला आणि कानाच्या पुढच्या भागाला संवेदना देणाऱ्या शाखा एकाच मोठ्या नसेच्या असतात. त्यामुळे हिरडीतली ठणक कानात जाणवू शकते आणि बाळ कान धरतं. शिवाय याच वयात बाळाला आपल्याला कान आहेत याचा शोध लागतो. झोप आली की ते कान ओढतं, कंटाळलं तरी ओढतं. ताप नाही, सर्दी नाही, बाळ खेळतंय, दूध पितंय आणि फक्त कान ओढतंय, तर कानात जंतुसंसर्ग असण्याची शक्यता कमीच.

सर्दीनंतर दोन-चार दिवसांनी चित्र बदलू शकतं. नाकाच्या मागून मधल्या कानाकडे जाणारी नळी बाळांमध्ये आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दीत ती तुंबते, कानात पाणी साचून त्यात जंतू वाढतात. ताप, आडवं केलं की रडणं, दूध ओढताना मध्येच सोडून किंचाळणं ही त्याची चिन्हं. पडदा फुटून पू आला की ठणक कमी होते आणि घरच्यांना वाटतं, बरं वाटलं. उपचार मात्र तेव्हाही हवेच असतात. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. घरी कानात कोमट तेल, लसणाचं तेल किंवा उरलेले थेंब घालू नयेत. बाळाला झोपवून बाटलीनं पाजू नये. घरात विडी-सिगारेटचा धूर नको. सरकारी लसीकरणात दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयांत दिली जाणारी न्यूमोकोकल लस कानाच्या काही संसर्गांपासूनही वाचवते.

हिरड्या शांत करायला फार काही लागत नाही. हात स्वच्छ धुऊन बोटानं हिरडी हलकेच चोळावी. फ्रीजमध्ये गार केलेलं ओलं फडकं किंवा स्टीलचा चमचा द्यावा, बर्फासारखा गोठवलेला नको. लाळ टिपत राहावी. अनेक घरांत अजूनही टाकणखार मधात कालवून हिरड्यांना लावतात. ते मात्र थांबवायलाच हवं. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. मधासोबत तो सतत दिल्यानं परदेशात बाळांना झटके आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. वर्षाच्या आत मध मुळातच देऊ नये. बधिर करणाऱ्या जेलमधलं बेंझोकेन रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटवू शकतं, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ मध्ये दोन वर्षांखालील मुलांसाठी ते वापरू नये असं बजावलं. गळ्यातली मण्यांची माळ गळफास ठरू शकते.

बाळ फारच कळवळत असेल तर पॅरासिटामॉल चालतं, पण इथे एक घोटाळा नेहमी होतो. ड्रॉप्सच्या एका मिलिलिटरमध्ये सहसा १०० मिलिग्रॅम औषध असतं. नेहमीच्या सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये साधारण १२५. म्हणजे ड्रॉप्स चौपट तीव्र. थोरल्याचं सिरप ज्या मापानं दिलं, त्याच मापानं धाकट्याला ड्रॉप्स दिले की विषबाधेची वेळ येऊ शकते. बाळाच्या वजनानुसार किती मिलिलिटर द्यायचं, हे डॉक्टरांकडून त्याच बाटलीवर लिहून घ्यावं.