पॉलिशचे मशीन घेताना घाई नको

गाड्या धुणारी आपल्या वस्तीतली मुले आता पॉलिशचेही काम घेऊ लागली आहेत. आनंदाची गोष्ट आहे. पण कर्ज काढून मशीन घेण्यापूर्वी थोडी माहिती करून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो. सहसा डोक्याच्या केसाहून पातळ. पॉलिश म्हणजे हाच थर किंचित घासणे. तो निघून गेला, तर पत्रा पुन्हा रंगवून देण्यातच कमाई जाते.

रोटरी मशीनचा पॅड एकाच आसाभोवती फिरतो. ओरखडे लवकर निघतात, पण रंगही लवकर तापतो. हात एका जागी, विशेषतः कडेवर, थांबला की रंग जळतो.

ड्युअल अ‍ॅक्शनचा पॅड फिरतो आणि हलतोही. त्यामुळे रंग कमी तापतो. नवशिक्याला तेच बरे. फार दाबले तर त्याचे फिरणे थांबते. पॅडमागच्या प्लेटवर मार्करने रेघ मारून ठेवली, की ते लगेच कळते. गिअरचे ड्युअल अ‍ॅक्शन दाबले तरी फिरते. मात्र हादरे जास्त बसतात.

पैसे वाचवण्यासाठी ग्राइंडरला पॅड लावू नये. लहान ग्राइंडर मिनिटाला 11,000 च्या आसपास फेरे घेतो. पॉलिशला 3,000 म्हणजे पुष्कळ झाले.

तेव्हा मुलांनो, पहिले मशीन ड्युअल अ‍ॅक्शनच घ्या. भंगारातल्या बोनेटवर हात बसवा, मगच गिऱ्हाइकाच्या गाडीला लावा.