वाकणं बंद झालं, कोंबड्या नाही



आज लांब लेख आहे. चहा घेताना निवांत वाचा. घरात कुणाचे गुडघे, कंबर दुखत असेल तर त्यांना वाचून दाखवा.

मागच्या पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावर माझा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. आता काठी घेऊन चालते, पण वाकणं, उकिडवं बसणं आणि ओझं उचलणं बंद. आमच्या फुलपाड्यात, जीवदानीच्या डोंगराच्या पायथ्याशी, पाऊस लागला की चार महिने अंगण ओलंच. मुलगा म्हणाला, "आई, कोंबड्या विकून टाक. अंडी काय, दुकानात मिळतात."

अंडी मिळतात. पण अंड्यांचे जे चार पैसे थेट माझ्या हातात येतात, ते दुकानात मिळत नाहीत. म्हणून विकल्या नाहीत. चाळीसच्या पंधरा केल्या आणि काम बदललं.

*आधी काम मोजा*
एक दिवस ओट्यावर बसून सुनेला काम करताना पाहिलं. किती वेळा वाकते, किती वेळा ओझं उचलते, ते मोजलं. त्रास चारच ठिकाणी होता : पाणी, खाद्य, अंडी आणि विष्ठा. माझ्या अंगात ताकद किती, हा प्रश्नच सोडून दिला. वाकायला लावणारं काम वर कसं आणायचं, एवढंच बघितलं.

*खुराडं कमरेएवढं*
जुनं खुराडं जमिनीलगत होतं. नवीन अडीच फूट उंच पायांवर घेतलं. लांबी ८ फूट, रुंदी ३ फूट. रुंदी मुद्दाम कमी, दोन्ही बाजूंनी हात पोचला पाहिजे. रात्रीच्या मुक्कामाला एका कोंबडीमागे दीड चौरस फूट जागा येते. दिवसा त्या जाळीच्या आवारात फिरतात. खाली बांबूच्या पट्ट्या, मध्ये बोटभर फट. विष्ठा खाली अंथरलेल्या प्लॅस्टिकवर पडते. प्लॅस्टिकला दोरी बांधली आहे, उभ्यानेच ओढते. वर चढायला आडव्या पट्ट्या ठोकलेली फळी लावली. संध्याकाळी कोंबड्या आपणहून चढतात, मागे पळावं लागत नाही. त्या आत गेल्या की दार लावायचं, मुंगसाची भीती नको.

*अंडी बाहेरून*
अंडी घालायचे खोके बाहेरच्या बाजूला, वर झाकण. ४-५ कोंबड्यांना एक खोका पुरतो, मी तीन लावलेत. आत भाताचं तूस. एका हातात काठी असते, म्हणून टोपली सोडली आणि गळ्यात अडकवायची कापडी पिशवी शिवली.

*पाणी आणि खाद्य*
पंधरा कोंबड्यांना दिवसाला साधारण चार लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात जास्त. २० लिटरचा कॅन सावलीत उंचावर ठेवून त्याला निपल बसवले. कॅन नळाच्या पाइपने भरते, उचलत नाही. दर तिसऱ्या दिवशी धुवून ताजं पाणी. निपल बंद पडला की कोंबडी गप्प तहानलेली राहते, म्हणून रोज बोटाने दाबून बघते.

खाद्य रोज पावणेदोन किलोच्या आसपास लागतं. म्हणजे २५ किलोचं पोतं दोन आठवडे पुरतं. ५० किलोचं घेत नाही. ते उचलवत नाही, आणि आपल्या दमट हवेत महिनाभर ठेवलं तर बुरशी धरते. बुरशीचं खाद्य कोंबडीला विषच. दुकानदार पोतं थेट पिंपात ओतून देतो, मी मगाने चार इंची पीव्हीसी पाइपच्या नळीत भरते.

*पायवाट*
घरापासून खुराड्यापर्यंत तीन फूट रुंद वाट केली. खडी दाबून वर खडबडीत फरशी, एका बाजूला बांबूचा कठडा. पावसाळ्यात शेवाळ आलं की ब्लीचिंग पावडर टाकून घासून घेतो. चाकाची खुर्ची असेल तर एक फूट चढाला बारा फूट लांब उतार ठेवा. फोन नेहमी खिशात. पडलात तर तोच कामाला येतो.

*जे मला जमत नाही*
लसीकरण एकटीने होत नाही. लासोटा ५ ते ७ व्या दिवशी, मग गंबोरो, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास मानमोडीचं आर-टू-बी इंजेक्शन. लसीच्या कुपीत शंभराच्या वर डोस असतात आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. म्हणून आम्ही शेजारच्या चार घरांनी एकच दिवस ठरवलाय. कोंबड्या अंधारात पकडायच्या, तेव्हा त्या शांत असतात. रविवारी पुतण्या विष्ठा खड्ड्यात टाकतो, त्याला सहा अंडी. मदत मागितली, फुकट घेतली नाही.

अचानक कोंबड्या मरायला लागल्या तर हात लावू नका, विकू नका. १९६२ या टोल फ्री नंबरवर किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूरच्या वेहळोलीत बर्ड फ्लू आला होता, ते विसरू नका.

*कागद करून ठेवा*
दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात गरिबी निर्मूलनाच्या योजनांमध्ये ५ टक्के राखीव आहे, महिलांना प्राधान्य. कोंबडीपालनाच्या प्रशिक्षणासाठी डहाणूच्या कोसबाड कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा.

आता मुलगा विचारतो, "आई, पंचवीस करायच्या का?" मी सांगितलं, हा पावसाळा जाऊ दे.

तुमच्या घरी वाकायला लावणारं काम कोणतं? ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाका. उपाय मिळून शोधू.

– तुमचीच एक सभासद, फुलपाडा