साडीच्या मापाची लाकडी चौकट



मांडव आपल्याला नवा नाही. मुहूर्तमेढ रोवायची, वासे बांधायचे, आंब्याचे डहाळे लावायचे, हे आपल्या घरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या करत आली. नवा आहे तो नवरा-नवरीच्या मागे लागणारा सजवलेला पडदा. हळदीला एक, साखरपुड्याला दुसरा, डोहाळजेवणाला आणि बारशालाही आता तो लागतोच, कारण फोटो काढायचे असतात. त्यात वाईट काही नाही. पण गटाच्या बैठकीत लग्नासाठी कर्जाची मागणी येते तेव्हा डेकोरेशनचा आकडा आता वेगळ्या ओळीत लिहिलेला असतो. एका संध्याकाळचा तो खर्च, आणि हप्ते वर्षभर. म्हणून पडद्यामागची चौकट आम्ही गटाच्या मालकीचीच करून घेतली. ती कशी करायची, ते आज सांगतो.

आधी माप. पुष्कळजणी आधी लाकूड आणतात आणि मग कापड शोधतात. आम्ही उलटं सांगतो, आधी साडी बघा. आपली रोजची साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे १८ फूट. मधोमध दुमडून आडव्या पट्टीवर टाकली की ९ फूट लोंबते. पन्हा असतो पावणेचार फुटांच्या आसपास. म्हणून एकेक भाग ७ फूट उंच आणि ३ फूट रुंद करायचा. एका भागाला एक साडी, बाजूला थोड्या चुण्या पडतात, खाली उरलेलं कापड आत दुमडता येतं. असे तीन भाग जोडले की ९ फुटांचा पडदा तयार. फेटा बांधलेला नवरदेव उभा राहिला तरी मागे साडी दिसते. एकच मोठी चौकट केली असती तर ती घराच्या दारातून बाहेर निघाली नसती. तीन सुटे भाग एकावर एक ठेवले की टेम्पोत सहज बसतात.

लाकूड २ इंच रुंद, १ इंच जाड पट्टीचं. प्रत्येक भागाला दोन उभ्या, तीन आडव्या आणि खालच्या निम्म्यात एक तिरपी पट्टी. मागच्या टेकूंसह हिशेब केला तर सगळं मिळून १०० फूट लागतं, कापाकापीत जातं ते धरून ११० फूट घ्या. पट्टी डोळ्यासमोर धरून टोकापासून टोकापर्यंत बघा, वाकडी असली तर परत करा. ओलं लाकूड घेऊच नका, वाळताना ते पिळतं आणि सांधे उघडतात.

कारखान्यांजवळच्या भंगारवाल्याकडे माल ठेवायच्या पॅलेटच्या फळ्या स्वस्त मिळतात. घ्यायला हरकत नाही, पण त्यांवरचा शिक्का आधी बघा. एचटी अशी इंग्रजी अक्षरं असली तर ते लाकूड उष्णता देऊन किडीपासून सुरक्षित केलेलं असतं. एमबी असलं तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते घरात आणू नका, आणि चुलीत तर मुळीच घालू नका.

कापण्याचं काम आम्ही सुताराकडून करून घेतो. तासाभराचं काम असतं आणि त्याची करवत आपल्यापेक्षा सरळ चालते. जोडणी मात्र गटातच होते. (बायका गिरमिट धरणार का, असं विचारणारे असतातच. शिलाई मशीन उघडून परत जोडणाऱ्या बाईला गिरमिट जड नाही.) पट्ट्या सपाट जमिनीवर मांडा. दोरी घेऊन एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं माप घ्या, मग दुसरं तिरकं. दोन्ही सारखी आली तर चौकट गुण्यात आहे. कोपऱ्यांवर मागच्या बाजूने ६ इंची प्लायवूडचे त्रिकोण फेविकॉल लावून बसवा, आधी भोक पाडा आणि मग एक इंची स्क्रू आवळा. भोक न पाडता आवळला तर पट्टीचं टोक चिरतं. नुसत्या खिळ्यांवर भागवू नका, चार कार्यक्रमांत ते ढिले होतात. तिन्ही भाग एकमेकांना ५ इंची नटबोल्टने जोडायचे, एका जोडावर तीन. हाताने फिरवायचे पंखवाले नट मिळतात, ते घ्या, म्हणजे पान्हा शोधत बसावं लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वारा. आपली लग्नं चैत्र-वैशाखात, आणि वळीव सांगून येत नाही. साड्या लावलेला ९ बाय ७ फुटांचा पडदा म्हणजे होडीचं शीडच. ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्यात त्यावर साधारण ३० किलो वजनाइतका रेटा येतो. वारा दुप्पट झाला की रेटा दुप्पट नाही, चौपट होतो, म्हणजे १२० किलो. पुढे नवरी बसलेली असते, मांडीवर कुणाचं तरी पोर असतं.

म्हणून दोन्ही जोडांच्या मागे टेकू हवेतच. जमिनीवर मागे जाणारी ३ फुटांची पट्टी, आणि तिच्या टोकापासून चौकटीवर ५ फूट उंचीला जाणारी तिरपी पट्टी. सिमेंटची रिकामी गोणी निम्मी वाळूने भरली की २५ किलोच्या आसपास होते. अशा चार गोण्या, दोन टेकूंच्या मागच्या टोकाला आणि दोन चौकटीच्या बुडाशी. शिवाय वरच्या दोन्ही कोपऱ्यांतून दोऱ्या काढून खांबाला किंवा जमिनीत ठोकलेल्या खुंटीला बांधा. मांडवाच्या कापडाला कधीच बांधू नका.

तरीही मोठ्या वाऱ्यापुढे गोण्या पुरत नाहीत. तेव्हा उपाय एकच, साडी उतरवणं. कापड गेलं की वारा पट्ट्यांमधून आरपार जातो. म्हणूनच साड्या आम्ही टाचण्यांनी किंवा खिळ्यांनी लावत नाही, नाड्यांनी सुरगाठ मारतो. गाठ ओढली की सुटली. ढग भरून आले की कुणी नाड्या ओढायच्या, हे दोघींना आधीच सांगून ठेवायचं. फोटो थांबले तर थांबू देत.

दिव्यांचं थोडक्यात. एलईडीच्या माळा चालतील, हॅलोजन साडीजवळ नको. तो फार तापतो आणि सिंथेटिक साडी चटकन पेटते. उघडा जोड असलेली वायर वापरू नका.

आता पैसे. समजा, लाकूड, प्लाय, बोल्ट, रंग आणि मजुरी धरून ६,००० रुपये लागले आणि गटात १२ जणी आहेत. प्रत्येकीचे ५०० झाले. भाडं सभासदाला ३०० आणि बाहेरच्याला ५०० ठेवलं, तर सभासदांचे १० आणि बाहेरचे ६ कार्यक्रम झाले की खर्च निघाला. भाव गावोगावी वेगळे, तुमचा हिशेब तुमच्या वखारीत विचारून मांडा. दर, अनामत आणि मोडतोडीचा नियम बैठकीत ठरवून इतिवृत्तात लिहा, नाहीतर पहिल्याच लग्नात नात्यागोत्यात फुकट जाते. एक सवलत मात्र आम्ही आवर्जून सुचवतो. जिच्या घरी खरंच अडचण आहे तिला चौकट बिनभाड्याने द्या, आणि नोंद फक्त गटाच्या वहीत राहू द्या. मांडवात तिच्या मुलीच्या मागेही तीच चौकट, तशीच काठपदराची साडी असते.

पावसाळ्यात लग्नं थांबतात. तेव्हा बोल्ट काढून डब्यात ठेवा. तिन्ही भाग विटांवर आडवे ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब, म्हणजे वाळवीची माती चढली तर लगेच दिसते. तुळशीच्या लग्नाआधी एकदा सगळे स्क्रू आवळा आणि नाड्या जीर्ण झाल्या असतील तर बदला.