जुन्या मोटारीची मंद चाल व वळणाचे दिवे

विदर्भातील खेड्यापाड्यांतून उपचारासाठी नागपूरला येणाऱ्या अनेकांना रामदासपेठ गाठावी लागते. कारण रुग्णालये व दवाखाने यांची तेथे दाटी आहे. रुग्णाला एस. टी. सोसण्यासारखी नसली म्हणजे शेतकरी घरची किंवा शेजाऱ्याची मोटार काढतो. ही मोटार पुष्कळदा दुसऱ्या अगर तिसऱ्या मालकाकडे आलेली असते. गावरस्त्यावर ती विनातक्रार धावते; परंतु वर्धा मार्गावरील सिग्नलपाशी उभी राहताच तिचे इंजिन थरथरून बंद पडते, आणि रामदासपेठेकडे वळताना वळणाचा दिवा, म्हणजे इंडिकेटर, उघडझाप करीत नाही. मागून बस येत असता हा प्रकार जिवावर बेतू शकतो.

या दोन तक्रारी वेगवेगळ्या समजून एक इंजिनाच्या मिस्त्रीकडे व दुसरी वायरिंगवाल्याकडे नेण्याची रीत आहे. तसे करण्यापूर्वी दोहोंचा संबंध पाहावा. उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला साधारणतः ८०० ते १,००० फेरे घेते. ही चाल फार उतरली, की अल्टरनेटर पुरेशी वीज देत नाही. दिवे मंदावतात व इंडिकेटर रेंगाळतो. अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबताच इंडिकेटर सुधारत असेल, तर दिव्यांना हात लावण्याचे कारण नाही. दोष चालीत, बॅटरीत किंवा तिच्या जोडणीत आहे. बॅटरीच्या टर्मिनलवरील पांढरट-हिरवट थर काढून जोडण्या घट्ट कराव्यात. साध्या मीटरने मोजल्यास इंजिन बंद असता सुमारे १२.५ व्होल्ट आणि चालू असता १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळावयास पाहिजेत.

चाल बिघडली म्हणजे प्रथम कार्बोरेटरचा स्क्रू पिळण्याचा मोह होतो. तो आवरावा. स्क्रूने चाल वाढविल्यास मूळ दोष झाकला जातो, पेट्रोल अधिक जळते व प्रदूषण तपासणीत गाडी अडकते. कारण पेट्रोल मोटारीचा धूर मंद चालीवरच मोजतात. आधी हवेचा फिल्टर पाहावा. शेतरस्त्याच्या धुळीने तो लवकर तुंबतो. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नये. आतून बाहेर हवा मारावी किंवा बदलावा. नंतर इंजिनाला जोडलेल्या रबरी नळ्या तपासाव्यात. तडकलेल्या नळीतून इंजिन जादा हवा ओढते, सूं असा आवाज येतो व चाल डगमगते. नळी चिमटीत दाबताच चाल बदलली, तर ती नळी संशयास्पद समजावी. हे करताना बाह्या, उपरणे, ओढणी पंख्यापासून दूर ठेवावी.

या नळ्यांविषयी आज अधिक दक्षता हवी. २०२५ पासून देशभरातील पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. शेतकऱ्याच्याच उसा-मक्यापासून बनलेला हा पदार्थ जुन्या गाड्यांच्या रबराला मात्र मानवतोच असे नाही. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत पाणी खाली बसू शकते.

गाडी वेगात नीट चालते आणि केवळ उभी राहिली की बंद पडते, असे असल्यास कार्बोरेटरमधील मंद चालीचे बारीक छिद्र कचऱ्याने बुजले असण्याचा संभव फार. ते हवेने साफ करावे. तार खुपसू नये, छिद्र मोठे होते. गाडी मिसिंग मारत असेल तर प्लग काढून पाहावेत. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. तेलकट काळेपणा म्हणजे इंजिनात ऑईल चढते आहे, आणि तेथे खर्च मोठा. एवढे झाल्यावरच स्क्रूकडे वळावे, व तो किती फेरे फिरविला ते लिहून ठेवावे.

मारुती ८०० ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली व २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिच्या जुन्या गाड्यांत कार्बोरेटर आहे, नंतरच्या गाड्यांत इंजेक्शन. इंजेक्शनच्या गाडीत असा स्क्रू पिळून उपयोग नाही. तेथे थ्रॉटलपाशी साचलेली काजळी साफ करून घ्यावी.

आता दिवे. एका बाजूचा इंडिकेटर भरभर उघडझाप करू लागला, तर बहुधा त्या बाजूचा एक बल्ब गेलेला असतो. मूळ २१ वॉटच्या बल्बऐवजी एलईडी बल्ब बसविल्यासही असेच होते. दोन्ही बाजू मुक्या असतील तर फ्यूज, नंतर फ्लॅशर पाहावा. चारही दिवे एकत्र लावणारे बटण चालते पण वळणाचे नाही, असे असेल तर फ्लॅशर बहुधा ठीक असून वळणाच्या फ्यूजमध्ये किंवा स्टिअरिंगजवळच्या स्विचमध्ये बिघाड असतो. दिवा मिणमिणतो, अथवा त्याच्याबरोबर शेजारचा दिवाही लुकलुकतो, तेव्हा अर्थिंग गंजलेले समजावे. होल्डरच्या धातूपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत एक तार धरून पाहावी. दिवा उजळला तर शंका फिटली. गोठ्यात किंवा कापसाच्या कोठारात उभ्या केलेल्या गाडीच्या तारा उंदीर कुरतडतात, हेही विसरू नये. जळालेल्या फ्यूजच्या जागी चांदीचा कागद वा जाड तार घालणे म्हणजे गाडीला आग लावण्याची तयारी होय.

जुनी गाडी विकत घेताना सकाळी, इंजिन थंड असता, ती चालू करून पाहावी. विकणाऱ्याने इंजिन आधीच तापवून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. पाच मिनिटे हेडलाईट व इंडिकेटर लावून गाडी उभी चालू ठेवावी आणि एकाने मागे-पुढे फिरून प्रत्येक दिवा पाहावा. ही परीक्षा उघड्यावर घ्यावी. बंद खोलीत इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साईड वायू वास न येता प्राण घेतो.