विद्यापीठ दारात आलंय, मैत्रिणींनो!

“ताई, पोरगी बीएस्सी झाली, आता बास की! अजून शिकून काय करायचंय?” आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीनं परवा विचारलं. ती विड्या वळते. तिची मुलगी मात्र एमएस्सीसाठी हटून बसलेली.

मला माझेच दिवस आठवले. मी बीए झाले तेव्हा आपलं विद्यापीठ कोल्हापूरचं, शिवाजी विद्यापीठ. मला ओढ जुन्या मंदिरांची, शिलालेखांची. पण तो विषय शिकायचा तर परगावी राहायला हवं. “एकटी पोर कशी राहणार?” म्हणून एमए राहिलं ते राहिलंच.

१ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठ सुरू झालं, तेही फक्त आपल्या एका जिल्ह्यासाठी. २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. पुणे रस्त्यावर केगावला आज रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान, संगणक, भूशास्त्र, सामाजिक शास्त्रं असे विभाग आहेत. आणि हो, पुरातत्त्वही!

त्याला इथं विषय कमी नाहीत. भीमा-सीनेच्या संगमावरच्या कुडलच्या मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी हा एक. तो अभ्यासकांपुढे आणला आपल्याच सोलापूरच्या आनंद कुंभार यांनी. गावोगाव पायपीट करून त्यांनी असे लेख शोधले. संशोधन म्हणजे काही परदेशातलीच गोष्ट नव्हे! आपला दुष्काळ, नान्नजचा माळढोक, चादरीचा रंग, सगळेच अभ्यासाचे विषय.

मग एक दिवस त्या मैत्रिणीला घेऊन मी केगावला गेले. पांढरे कोट घातलेल्या मुली प्रयोगशाळेतून बाहेर येत होत्या. ती बघतच राहिली. एकीला तिनं विचारलं, “तू कुठली गं? घरी कधी जातीस?”

“मोहोळची, मावशी. संध्याकाळी घरी.”

परतताना ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पोरगी रात्री घरी येणार म्हणल्यावर तिच्या बापाला मी समजावते. फॉर्मचं तेवढं तुम्ही बघा.”

मैत्रिणींनो, मुलीचं लग्न ठरवायच्या आधी एकदा तरी तिला घेऊन विद्यापीठात जाऊन या. शिष्यवृत्ती, फीमाफी, वसतिगृह, बसचा पास यांची चौकशी करा. आमच्या वेळी ‘लांब आहे’ हे कारण तरी होतं. आता तेही उरलेलं नाही.