संकेतस्थळावरील माहिती लोकांच्या हाती कशी पडेल?

सोपारा हे पश्चिम किनाऱ्यावरील एक प्राचीन बंदर. आजच्या नालासोपारा शहरालगतच्या या गावी १८८२ मध्ये सम्राट अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा एक तुकडा सापडला. त्याच वर्षी पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. पुढे १९५६ मध्ये वसईजवळच्या भुईगाव येथे नवव्या आज्ञालेखाचा तुकडा मिळाला. हे आज्ञालेख संस्कृतात नव्हे, तर लोकांच्या परिचयाच्या प्राकृतात कोरलेले आहेत. आणि ते जहाजांची व व्यापाऱ्यांची सतत ये-जा असलेल्या बंदराच्या गावी कोरलेले आहेत. राज्यकर्त्याला जे सांगावयाचे ते लोकांच्या भाषेत आणि लोकांच्या वाटेवर सांगितले पाहिजे, हे तत्त्व या भूमीला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे.

आज लोकांची वाट बदलली आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली आणि मोबाइल फोनमुळे ती घराघरांत पोहोचली. कोणतीही माहिती हवी असली की नागरिक प्रथम फोनवरील शोधयंत्राला विचारतो आणि त्यानंतर कार्यालयाची पायरी चढतो. साहजिकच महानगरपालिका, पंचायत समित्या, ग्रामपंचायती, शाळा आणि वाचनालये यांनी आपापली संकेतस्थळे उघडली आहेत. परंतु माहिती संकेतस्थळावर ठेवणे आणि ती गरजवंताला सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतील अंतर कशामुळे पडते आणि ते अल्प खर्चात कसे भरून काढता येते, याचा विचार येथे केला आहे.

वाढत्या शहराची गरज

वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व आसपासची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक नोंदली गेली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा परिसर नव्या पालघर जिल्ह्यात आला. थोडक्या वर्षांत कार्यालये बदलली, जिल्ह्याचे ठिकाण बदलले आणि बाहेरून आलेली असंख्य कुटुंबे येथे स्थायिक झाली. कोणता दाखला कोठे मिळतो हे सांगणारा शेजारी प्रत्येकाला लाभतोच असे नाही. अशा शहरात अचूक आणि सहज सापडणारी माहिती ही पाणी व रस्ते यांसारखीच एक नागरी सोय ठरते.

ही केवळ सोयीची बाब नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ (१) (ख) अन्वये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपली रचना, कर्तव्ये, अधिकारी, अर्थसंकल्प, सवलती इत्यादी १७ बाबींची माहिती आपण होऊन प्रसिद्ध करावयाची आहे. त्यासाठीच्या माध्यमांत इंटरनेटचा उल्लेख याच कलमात आहे, आणि प्रसार करताना स्थानिक भाषा विचारात घ्यावी असेही त्यात म्हटले आहे. जी माहिती प्रसिद्ध होऊनही कोणास सापडत नाही, तिच्यामुळे या तरतुदीचा हेतू सफल होत नाही.

शोधयंत्राचे कार्य

शोधयंत्राचे काम तीन टप्प्यांत चालते. प्रथम त्याचा संगणकीय फिरस्ता एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जात जगभरची पाने पाहतो. दुसऱ्या टप्प्यात त्या पानांवरील शब्दांची सूची तयार होते. ग्रंथाच्या शेवटी असलेल्या शब्दसूचीसारखीच, मात्र अतिप्रचंड. तिसऱ्या टप्प्यात, कोणी प्रश्न विचारला की त्या सूचीतून जुळणारी पाने निवडून त्यांचा क्रम लावला जातो. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या गूगलने हा क्रम लावताना एका पानाचा उल्लेख इतर किती व कोणत्या पानांनी केला आहे, याला महत्त्व दिले. पुढे मजकुराची उपयुक्तता, पान उघडण्याचा वेग, मोबाइलवर ते नीट दिसते की नाही, अशा अनेक कसोट्यांची त्यात भर पडली. अलीकडे तर शोधयंत्रे अनेक पाने वाचून तयार केलेले उत्तरच वरच्या बाजूस देऊ लागली आहेत. त्यामुळे मूळ पानावरील माहिती अचूक असण्याची जबाबदारी अधिकच वाढली आहे.

या कसोट्या ओळखून पानाची मांडणी करणे यालाच ‘सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन’ म्हणतात. नाव भारदस्त असले तरी त्याचा गाभा साधा आहे: वाचकाला जे हवे ते त्याच्या शब्दांत, स्पष्ट मथळ्याखाली आणि यंत्राला वाचता येईल अशा अक्षरांत लिहावे.

चित्र नको, मजकूर हवा

अनेक कार्यालयांत सही-शिक्क्याच्या परिपत्रकाचे छायाचित्र काढून तेच संकेतस्थळावर लावले जाते. माणसाला ते वाचता येते. परंतु यंत्राच्या दृष्टीने ते एक चित्र असते. त्यातील मराठी अक्षरे यंत्राला ओळखता येतीलच असे नाही, आणि ओळखता आली तरी त्यांत चुका राहतात. दृष्टिहीन नागरिकाला पान वाचून दाखवणारे साधनही अशा चित्रापुढे मुके होते. म्हणून सहीचे पत्र जोडावयाचे असल्यास अवश्य जोडावे, मात्र त्यातील आशय त्याच पानावर टंकलिखित स्वरूपातही द्यावा.

टंकलेखन युनिकोडमध्येच असावे, हेही अगत्याचे आहे. देवनागरी लिपीचा समावेश १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत झाला. त्यापूर्वीच्या आणि नंतरही काही काळ वापरात राहिलेल्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी अक्षर दिसत असले, तरी संगणकाच्या पोटात त्या जागी रोमन चिन्हे असत. असा मजकूर शोधयंत्राला मराठी म्हणून ओळखता येत नाही. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणारी साधने उपलब्ध आहेत. रूपांतरानंतर जोडाक्षरे एकदा नजरेखालून घातली म्हणजे काम पूर्ण होते.

शब्द लोकांचे असावेत

नागरिक ‘घरपट्टी’ म्हणतो, तर कार्यालयीन पानावर ‘मालमत्ता कर आकारणी’ असे लिहिलेले असते. नागरिक ‘जन्माचा दाखला’ शोधतो, तर पानाचा मथळा ‘जन्म नोंद प्रमाणपत्र वितरण’ असा असतो. शोधयंत्रे समानार्थी शब्द काही प्रमाणात ओळखतात. मराठीच्या बाबतीत मात्र त्यावर पूर्णपणे विसंबणे श्रेयस्कर नाही. अधिकृत संज्ञा सोडावी असे नव्हे. ‘घरपट्टी (मालमत्ता कर) कशी भरावी?’ असा एकच मथळा दोन्ही गरजा भागवतो. याउलट ‘सूचना क्रमांक १४’ किंवा ‘महत्त्वाचे’ हा मथळा कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

स्थळनामांच्या बाबतीत वसईचे उदाहरण बोलके आहे. पोर्तुगीज कागदपत्रांत ‘बसाइं’, इंग्रजी दप्तरात ‘बेसिन’ आणि मराठीत ‘वसई’ अशी एकाच गावाची नावे आढळतात. १८०२ च्या ज्या तहाला मराठी पुस्तके वसईचा तह म्हणतात, तो इंग्रजी पुस्तकांत बेसिनचा तह असतो. सोपाऱ्याचे प्राचीन नाव शूर्पारक. आणि आज कोणी ‘नालासोपारा’ जोडून लिहितो, कोणी तोडून. किल्ल्याविषयी माहितीचे पान तयार करणाऱ्या शिक्षकाने ही सर्व नावे मजकुराच्या ओघात एकेकदा दिली, तर परदेशातील संशोधकापासून सहलीला येणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत सर्वांना ते पान सापडू शकेल. मात्र तीच नावे निष्कारण पुन्हापुन्हा लिहून पान भरणे हे शोधयंत्रे दोष मानतात आणि वाचकही कंटाळतो.

वसई परिसरातील सामवेदी अर्थात कादोडी आणि वाडवळी या बोलींनाही हेच लागू पडते. या बोलींतील शब्द, म्हणी आणि लग्नगीते घराघरांतील वहीत पडून राहिली तर ती वहीबरोबरच संपतील. चित्रात अडकली तर असूनही दिसणार नाहीत. शाळेच्या पानावर ती अक्षररूपात आणि अर्थासह आली, तर पुढच्या पिढीला शोधता येतील.

साचा: तयार चौकट

संकेतस्थळ उभारण्यासाठी आता संगणकशास्त्राचे शिक्षण आवश्यक राहिलेले नाही. २७ मे २००३ रोजी प्रथम उपलब्ध झालेली ‘वर्डप्रेस’ ही मुक्त प्रणाली आज जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळांसाठी वापरली जाते आणि तिचा वापर मराठीतूनही करता येतो. तिच्यात ‘टेम्प्लेट’ म्हणजे पानाचा साचा तयार मिळतो. मथळा कोठे, मजकूर कोठे, चित्र कोठे हे साचा ठरवतो. लिहिणाऱ्याने मजकुराकडे लक्ष द्यावयाचे असते. शासकीय संस्थांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ‘एस थ्री वास’ ही सेवा विकसित केली असून देशातील अनेक जिल्ह्यांची संकेतस्थळे तिच्या साच्यांवर उभी आहेत.

साचा निवडताना देखणेपणापेक्षा साधेपणा पाहावा. हलती चित्रे आणि जड छायाचित्रे असलेले पान मंद गतीच्या जोडणीवर उघडतच नाही. जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत वसई-विरार परिसर जलमय झाला, नालासोपाऱ्याजवळ रेल्वेमार्ग पाण्याखाली गेले आणि ठिकठिकाणी वीजपुरवठा खंडित झाला. अशा प्रसंगी फोनमध्ये उरलेल्या थोड्याशा विजेवर जे पान क्षणात उघडेल, तेच उपयोगाचे. सूचनेच्या पहिल्याच ओळीत तारीख व वेळ असावी. अन्यथा गतवर्षीचा इशारा आजचा समजला जाण्याचा धोका असतो.

प्लगइन: उपयोग आणि पथ्य

मूळ प्रणालीला जोडावयाच्या छोट्या कार्यक्रमांना ‘प्लगइन’ म्हणतात. तक्रारीचा अर्ज, छायाचित्रांचा संग्रह, दोन भाषांची सोय, दैनंदिन प्रतिलिपी, शोधयंत्रासाठी मथळा व सारांश लिहिण्याची जागा अशी नाना कामे ते करतात. हजारो प्लगइन विनामूल्य मिळतात, आणि मोह होतो तो येथेच. प्रत्येक प्लगइनमुळे पानाचा भार वाढतो व घुसखोराला आणखी एक दार मिळते. वर्डप्रेसची बहुसंख्य सुरक्षाविषयक छिद्रे मूळ प्रणालीत नव्हे, तर प्लगइनमध्ये आढळतात.

म्हणून चार पथ्ये पाळावीत. गरजेपुरतेच प्लगइन घ्यावेत. ते अधिकृत भांडारातूनच घ्यावेत. सशुल्क प्लगइनची चोरटी प्रत कदापि वापरू नये. नवी आवृत्ती येताच ती बसवावी आणि वापरात नसलेले प्लगइन काढून टाकावे. संपूर्ण संकेतस्थळाची प्रतिलिपी ठरलेल्या दिवशी अन्यत्र जपून ठेवावी. काही कामांसाठी तर प्लगइन लागतही नाही: पानांची यादी शोधयंत्राला देणारा ‘साइटमॅप’ ऑगस्ट २०२० मधील ५.५ या आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्येच अंतर्भूत आहे.

फसव्या वाटा

‘आपले संकेतस्थळ पहिल्या क्रमांकावर आणून देतो’ अशी हमी देणारी पत्रे संस्थांकडे येत असतात. अशी हमी कोणालाही देता येत नाही. पैसे देऊन दुवे विकत घेणे हे गूगलच्या नियमांविरुद्ध असून, तसे करणारे संकेतस्थळ मागे ढकलले जाऊ शकते. पानाच्या पोटात दडवलेल्या ‘कीवर्ड’च्या याद्या क्रमासाठी विचारात घेत नसल्याचे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे. लोकनिधी अशा कामांवर खर्च होऊ नये, याची दक्षता निविदा तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी घ्यावी. आपली कोणती पाने कोणत्या शब्दांनी शोधली जातात, हे गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या साधनातून विनामूल्य कळते.

सातत्य आणि जबाबदारी

संकेतस्थळे बंद पडण्याचे एक कारण तांत्रिक नसून कार्यालयीन असते. उत्साही शिक्षक किंवा ग्रामसेवक स्वतःच्या ई-मेलवर सर्व नोंदणी करतो. त्याची बदली होते, सांकेतिक शब्द त्याच्याबरोबर जातो आणि क्षेत्रनावाच्या नूतनीकरणाची सूचना कोणीच वाचत नाही. मुदत संपलेले नाव अन्य कोणी विकत घेतले, तर शाळेच्या नावाखाली भलताच मजकूर दिसू लागतो. यासाठी नोंदणी संस्थेच्या ई-मेलवर करावी, किमान दोन व्यक्तींना काम शिकवावे आणि कार्यभार हस्तांतराच्या यादीत संकेतस्थळाची नोंद करावी. दप्तर आणि किल्ल्या सोपवतात, तसेच हेही सोपवावे.

प्रसिद्धीच्या उत्साहात व्यक्तीच्या खाजगीपणाचा भंग होणार नाही, हेही पाहिले पाहिजे. लाभार्थींचे आधार क्रमांक व बँक खाती, विद्यार्थ्यांचे पत्ते वा पालकांच्या संमतीविना त्यांची छायाचित्रे संकेतस्थळावर ठेवू नयेत. एकदा शोधयंत्राच्या सूचीत गेलेली माहिती परत घेणे कठीण असते. डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा केला आहे.

पंचायतीने आरंभ करताना शंभर पानांचा संकल्प सोडण्याची गरज नाही. कार्यालयात वारंवार विचारले जाणारे दहा प्रश्न एका वहीत लिहून काढावेत. प्रत्येक प्रश्नासाठी एक पान करावे. प्रश्न हाच मथळा ठेवावा, आणि लागणारी कागदपत्रे, शुल्क, मुदत व कार्यालयाची वेळ ओळीने द्यावी. पानाखाली अद्ययावत केल्याची तारीख असावी. महिन्यातून एकदा कार्यालयाबाहेरच्या एखाद्या व्यक्तीच्या हाती फोन देऊन, त्या पानांतील एखादा प्रश्न तिच्याच शब्दांत शोधावयास सांगावे. उत्तर सापडले तर काम योग्य दिशेने चालले आहे; न सापडले तर तिने वापरलेला शब्द टिपून घ्यावा आणि पानावर त्याला जागा द्यावी. एका नागरिकाची एक फेरी वाचली आणि एका मजुराचा एक दिवस बुडायचा राहिला, तरी त्या पानामागचे श्रम सार्थकी लागले असे म्हणता येईल.