काट्यावरचा स्क्रीन धूसर, आकडे कापलेले? पॅनेल बदलण्याआधी हे तपासा

इंदूर : सांवेर रोड आणि पीथमपूरचे कारखाने असोत की महामार्गावरचे धर्मकाटे, मशीनच्या दारात किंवा भिंतीत बसवलेला टचस्क्रीन संगणक आता सगळीकडे दिसतो. दुकानदार त्याला 'पॅनेल पीसी' म्हणतात, कामगार नुसतं 'पॅनेल'. काचेच्या मागेच मदरबोर्ड असतो. त्यामुळे स्क्रीनची तक्रार आली की नुसता मॉनिटर बदलून भागत नाही. थेट अख्खं पॅनेल बदलायचा सल्ला मिळतो आणि खर्च हजारांत जातो. पण अनेकदा पॅनेल ठणठणीत असतं, बिघडलेलं असतं ते रिझोल्यूशन.

नेमकं होतं काय?

एलसीडी पॅनेलवरचे ठिपके कारखान्यातच ठरलेले असतात. १५ इंची चौकोनी पॅनेलवर बहुधा १०२४ × ७६८, म्हणजे ७ लाख ८६ हजार ४३२ ठिपके. संगणकाने ८०० × ६०० चं चित्र पाठवलं, तर प्रत्येक ठिपका १.२८ ठिपक्यांवर पसरावा लागतो. अर्धा-पाव ठिपका उजळता येत नाही, म्हणून अक्षरं फुगीर, धूसर दिसतात. जुन्या डब्यासारख्या मॉनिटरला असे पक्के ठिपके नव्हते, त्यामुळे तिथे हा प्रश्न एवढा जाणवत नसे.

टेबलावरचा मॉनिटर आपलं माप केबलमधून संगणकाला स्वतःच सांगतो. पॅनेल पीसीत मात्र अनेकदा ही सोय नसते; कोणतं पॅनेल जोडलंय ते बायोसमध्ये नोंदवलेलं असतं. ती नोंद पुसली गेली की संगणक अंदाजाने चित्र पाठवतो.

आधी लोगो पाहा

मशीन बंद करून पुन्हा सुरू करा. अगदी सुरुवातीचा कंपनीचा लोगोच वाकडा, कापलेला दिसला तर दोष बायोस, केबल किंवा पॅनेलमध्ये आहे. लोगो नीट आणि विंडोज आल्यावर बिघडलं, तर दोष सेटिंग किंवा ड्रायव्हरचा.

लोगो वाकडा आणि तारीख-वेळही मागे गेलेली असेल, तर पहिला संशय बोर्डवरच्या सेलवर घ्यावा. साधारण ३ व्होल्टचा सीआर २०३२ हा गोल सेल असतो; काही बोर्डांवर तो वायरच्या प्लगसह येतो, तेव्हा तसाच आणावा. सेल संपला की बायोसची नोंद मूळपदावर जाऊ शकते. सेल बदलून बायोसमध्ये पॅनेलचा प्रकार पुन्हा निवडावा लागतो.

विंडोजमध्ये क्रमाने बघा

१. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून डिस्प्ले सेटिंग्जमध्ये जा. ज्या आकड्यापुढे 'रेकमेंडेड' लिहिलंय तो निवडा, पण तो पाठीमागच्या स्टिकरवरच्या मॉडेलशी जुळतो का तेही बघा. चुकीचा पर्याय निवडला गेला तरी घाबरू नका. 'कीप' दाबलं नाही तर १५ सेकंदांत जुनं सेटिंग आपोआप परत येतं.

२. तिथेच स्केल १०० टक्के आहे का बघा. १२५ टक्के केलं की १०२४ × ७६८ च्या स्क्रीनवर कामाला जेमतेम ८१९ × ६१४ एवढीच जागा उरते. जुन्या सॉफ्टवेअरची खालची बटणं गायब होण्याचं हे नेहमीचं कारण.

३. बाहेर ड्रायव्हरला वजन दिसावं म्हणून दुसरा टीव्ही जोडलेला असेल, तर दोन्ही स्क्रीनला जमेल असं रिझोल्यूशन लागतं. विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून 'पीसी स्क्रीन ओन्ली' करून पाहा. चित्र सुधारलं तर दोष त्या जोडणीत आहे.

४. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर' असं नाव दिसलं, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर चालत नाहीये. विंडोज नव्याने टाकल्यावर हे हमखास दिसतं. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून जुन्या मशीनवर नवं विंडोज टाकून घेतलं जातं. पण जुन्या चिपसाठी नवा ड्रायव्हर मिळेलच असं नाही. जेल रोडवर मशीन सोपवण्याआधी चालू डिस्कची पूर्ण कॉपी करून घ्यावी. टच आणि सिरियल पोर्टचे ड्रायव्हरही त्यातच असतात.

रिझोल्यूशन बदलल्यावर बोट एकीकडे आणि क्लिक दुसरीकडे होत असेल, तर टचचं कॅलिब्रेशन पुन्हा करावं. स्क्रीनवर उभ्या रेषा, अर्धा भाग काळपट किंवा हात लावला की थरथर असेल, तर तो रिझोल्यूशनचा दोष नाही. सैल केबल, बॅकलाइट किंवा पॅनेल तपासून घ्यावं.

काट्यावर विशेष काळजी

पीथमपुरातून सेंधवामार्गे शिरपूर-धुळ्याकडे येणारी गाडी दोन्ही राज्यांत काट्यावर चढते. सोयाबीन, कांदा, लोखंड, पैसे वजनावरच ठरतात. भरलेली गाडी, रिकामी गाडी आणि निव्वळ वजन या तीन ओळींपैकी शेवटची स्क्रीनबाहेर गेली, तर शेतकरी आणि ड्रायव्हरला पावतीवर विसंबावं लागतं. अशा वेळी शेजारच्या इंडिकेटरकडे बघावं. वजन मोजतो तो इंडिकेटर. संगणक फक्त त्याच्याकडून आकडा घेऊन दाखवतो आणि छापतो. नापतौल विभागाचं, महाराष्ट्रात वैधमापन शास्त्र विभागाचं सील काट्याच्या मोजणीवर असतं. स्क्रीन दुरुस्त करताना त्याला हात लावायचं काहीच कारण नाही, आणि कुणी लावत असेल तर मालकाने तिथेच थांबवावं.

पॅनेल नीट चालतंय तोवर बायोसचं डिस्प्लेचं पान, विंडोजचं डिस्प्ले सेटिंग आणि पाठीमागचा स्टिकर यांचे फोटो काढून ठेवावेत. त्यांची एक प्रत कॅबिनेटच्या दारावर आतून चिकटवली, तर रात्रपाळीच्या माणसालाही मेकॅनिकची वाट न बघता जुनी सेटिंग्ज परत लावता येतील.